जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातला आवाज घरी कसा शोधायचा

इंजिनाचा आवाज ऐकून थेट निदान करणारे खूप भेटतात. एक म्हणतो टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणारा भाग; दुसरा म्हणतो टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची यंत्रणा फिरवणारी इंजिनातली चेन; तिसरा क्रँकवर, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या खालच्या दांड्यावर जातो. तिघेही एकाच आवाजाबद्दल बोलत असतात. धातूतून आवाज सगळीकडे पसरतो. खालचा ठोका वर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या माथ्यावरच्या भागात ऐकू येतो आणि वरची टिकटिक क्लच कव्हरमधून आल्यासारखी वाटते. म्हणून मी आवाज कसा आहे याला फार महत्त्व देत नाही. तो केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, हे आधी पाहतो.

लक्षणं

वहीत चार ओळी लिहा. इंजिन थंड असताना येतो की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत येतो की फक्त चालताना? क्लच दाबला की बदलतो का? रेस वाढवताना येतो, स्थिर रेसला येतो की रेस सोडताना? या चार उत्तरांवर अर्धी यादी गळून पडते.

हेडमधून हलकी, एकसारखी टिकटिक येते, रेसबरोबर तिची गती वाढते, चढावर किंवा मागे माणूस बसल्यावर तिच्यात फरक पडत नाही: हे टॅपेटचं लक्षण. सिलिंडरच्या एका बाजूने खळखळ येते, मधल्या रेसला स्पष्ट होते आणि रेस सोडताना जास्त ऐकू येते: टायमिंग चेन. न्यूट्रलमध्ये खडखड आहे आणि क्लच दाबताच ती जाते: क्लचचं हाउसिंग किंवा गिअरबॉक्सचं बेअरिंग, आणि पुष्कळदा नुसतं कमी लावलेलं आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिन फिरण्याची गती.

सकाळी थंड इंजिनात पोकळ टकटक आणि काही मिनिटांत बंद, हे पिस्टन आणि बोअरमधल्या (सिलिंडरच्या आतल्या पोकळीतल्या) झिजेचं लक्षण आहे. पण सायलेन्सरच्या जोडातून होणारी गळतीही नेमकी अशीच वागते, कारण गरम झाल्यावर धातू फुगून फट बंद होते. मोठ्या गिअरमध्ये, कमी वेगात थ्रॉटल उघडल्यावर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला तर ते नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल नीट न जळता अवेळी भडकणं. त्याचा संबंध पेट्रोल, कार्बन आणि इग्निशनच्या टायमिंगशी असतो, सुट्या भागांच्या ढिलेपणाशी नाही.

खालून येणारा जड, बोथट ठोका वेगळा. इंजिनावर ओझं आलं की तो वाढतो आणि गरम झाल्यावर कमी होण्याऐवजी स्पष्ट होतो. हा कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगचा असण्याची शक्यता मोठी. पायांना फूटरेस्टमधून जाणवणारी घरघर मेन बेअरिंगची असू शकते. आवाज गाडीच्या वेगाबरोबर बदलत असेल आणि क्लच दाबून इंजिन आयडलवर आल्यावरही तसाच चालू राहत असेल, तर इंजिनाला हातच लावू नका. चेन, स्प्रॉकेट आणि चाकांची बेअरिंग बघा.

आवाजाची गतीही उपयोगी पडते. फोर-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो. मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या आयडलिंगला क्रँक सेकंदाला २० वेळा फिरतो, तर एका व्हॉल्व्हची टिकटिक सेकंदाला १० वेळा होते. कानाने एवढं मोजता येत नाही, पण टॅपेटचा आवाज क्रँकच्या प्रत्येक फेरीला येणाऱ्या आवाजापेक्षा सावकाश वाटतो, हे थोड्या सवयीने कळतं. दोन्ही टॅपेट ढिले असतील तर ठोके मिसळतात आणि हा हिशेब फसतो.

आधी एक अट

आवाज अचानक आला असेल, जड असेल किंवा ऑइलचा दिवा लागला असेल, तर इंजिन पुन्हा सुरू करून ऐकत बसू नका. फक्त ऑइलची पातळी बघा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

बाकीच्यांनी गाडी उघड्यावर, मेन स्टँडवर घ्यावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली दोरी फिरत्या चेनजवळ नको. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. ऑइल, टॅपेट, चेन सगळं एकाच दिवशी केलं तर आवाज गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

१. ऑइल

याला पैसे लागत नाहीत आणि यानेच बरेच आवाज सापडतात. ऑइल कमी असेल तर सगळ्यात आधी हेडमधले भाग कोरडे पडतात, कारण ते पंपापासून सगळ्यात लांब असतात. टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे तिला ताणून धरणारा भाग, ऑइलच्या दाबावर चालणारा असेल तर तोही ढिला पडतो.

इंजिन थोडं चालवून बंद करा, काही मिनिटं थांबा आणि सपाट जागी गाडी सरळ उभी असताना मोजा. साइड स्टँडवर मोजलेली पातळी खोटी असते. पुष्कळ गाड्यांत मोजायची काडी आटे फिरवून बसवायची नसते, नुसती टेकवायची असते. ती फिरवून बसवलीत तर जास्त खोल जाते आणि कमी ऑइलही पुरेसं दिसतं. तुमच्या गाडीची पद्धत मॅन्युअलमध्ये असते.

मग काडीवरचं ऑइल बोटांत घेऊन चोळा, वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी आपोआप वाढलेली दिसत असेल, तर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल इंजिनात उतरतंय. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. कार्ब्युरेटरची सुई दुरुस्त करून ऑइल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुधाळ रंग म्हणजे पाणी.

ऑइल बदलायची वेळ उलटून गेली असेल तर आत्ताच बदला, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. आवाज दाबण्यासाठी जास्त जाड ऑइल घालायचा सल्ला सर्रास मिळतो. तो मला पटत नाही. आवाज दबतो, झीज तशीच राहते, आणि थंड इंजिनात जाड ऑइल हेडपर्यंत पोचायला उशीर होतो. कारचं ऑइलही नको. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि कारच्या काही ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे क्लच घसरू शकतो. डब्यावर जेसो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीच्या ऑइलचं मानक) लिहिलेलं असलं पाहिजे.

२. इंजिनाबाहेरचं ढिलं सामान

जुन्या गाडीत इंजिनाचा म्हणून सांगितला जाणारा आवाज बऱ्याचदा इंजिनाबाहेरचा निघतो. इंजिन आयडलवर ठेवून, मग ज्या रेसला आवाज येतो त्या रेसला कुणाला तरी धरायला लावून, एकेक भाग हाताने दाबत जा: चेन कव्हर, मडगार्डचे दांडे, नंबर प्लेट, टाकी, साइड पॅनल, हॉर्नची पट्टी. सायलेन्सर आणि त्याच्यावरचा पत्रा मात्र लाकडी काठीने दाबा, भाजतं. दाबल्यावर आवाज थांबला की काम झालं.

इंजिन चेसिसला धरून ठेवणारे फाउंडेशन बोल्टही पाना लावून बघा. एक जरी ढिला असला तरी ठरावीक रेसला असा धडधडाट होतो की क्रँक गेला असं वाटावं. एअर-कूल्ड इंजिनाच्या पंख्यांमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या पातळ फिन्समध्ये, कंपनीने बसवलेले रबराचे तुकडे असतात. वर्षांनंतर ते कडक होऊन गळून पडतात आणि फिन्स किणकिणायला लागतात. दोन फिन्समध्ये हलक्या हाताने लाकडाची चपटी पाचर धरून बघा. बळ लावू नका, फिन तुटते.

३. आयडलिंग

आयडलिंग फार कमी लावलं असेल तर इंजिन झटके देत फिरतं आणि प्रत्येक झटक्याला क्लचचं हाउसिंग आणि गिअरचे दात एकमेकांवर आपटतात. ही खडखड ऐकून लोक क्लच उघडतात. आधी आयडल स्क्रू फिरवून फेऱ्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा आणि इंजिन पूर्ण गरम असताना ऐका. दोन सिलिंडरच्या गाडीत दोन्ही कार्ब्युरेटर सारखे ओढत नसतील तरी असंच होतं.

आयडलिंग नीट लावूनही न्यूट्रलमधली खडखड राहिली आणि क्लच दाबल्यावर जात असेल, तर नोंद करून ठेवा. हलकी असेल तर अशी गाडी बराच काळ निर्धोक चालते. क्लच घसरत असेल किंवा गिअर पडताना अडखळत असेल, तेव्हाच ते कव्हर उघडण्याचा विचार करा.

४. सायलेन्सरचा जोड

टॅपेटची सगळ्यात चांगली नक्कल करणारी गोष्ट ही. हेडला जिथे पाइप जोडलेला असतो तिथलं पॅकिंग दबलं किंवा फाटलं की प्रत्येक स्फोटानंतर थोडा वायू फुसकन बाहेर पडतो. ऐकायला टिकटिकच येते. फरक एवढाच की थ्रॉटल उघडल्यावर ती जोरात होते, टॅपेटची होत नाही.

जोडाभोवती काळी काजळी दिसते का बघा. मग इंजिन पूर्ण थंड असताना जोडावर साबणाचं पाणी टाका, गाडी सुरू करा आणि पहिल्या काही सेकंदांत बुडबुडे येतात का पाहा. दोन नट असतील तर थोडं थोडं करून आळीपाळीने आवळा, म्हणजे फ्लँज तिरका बसत नाही. गंजलेला नट हलत नसेल तर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा. तरीही हलला नाही तर जोर करू नका. हेडमधला स्टड तुटला तर पॅकिंगचं काम बाजूला राहून तो काढण्याचं मोठं काम अंगावर येतं.

५. नॉकिंगची शंका असेल तर

आधी गिअर खाली टाकून चालवून बघा. बऱ्याचदा मोठ्या गिअरमध्ये इंजिनाला ओढायला लावणं हेच कारण असतं. मग दुसऱ्या ठिकाणचं पेट्रोल भरा. तरीही राहिलं तर प्लग काढून बघा: पांढरट, फोड आल्यासारखा दिसत असेल तर इंजिन जास्त तापतंय किंवा हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळतंय. कार्ब्युरेटर आणि हेडमधलं रबर तडकलेलं आहे का तेही तपासा. नॉकिंग दुर्लक्षित ठेवू नये. त्याने पिस्टनला भोक पडू शकतं.

६. स्क्रू ड्रायव्हरने ऐकणं

लांब स्क्रू ड्रायव्हर किंवा लाकडी दांडी इंजिनाच्या बोल्टवर टेकवा आणि दुसरं टोक कानाजवळच्या हाडाला लावा. फिरत्या भागांपासून लांब राहा. टॅपेट कव्हर, टायमिंग चेनची बाजू, क्लच कव्हर, मॅग्नेट कव्हर आणि खाली क्रँककेस, या क्रमाने फिरा. एकाच जागी ऐकून काही कळत नाही, कारण सुस्थितीतलं इंजिनही या पद्धतीने भयंकर ऐकू येतं. दोन जागांची तुलना करा. आवाज जिथे सगळ्यात टोकदार, तिथून तो येतो.

७. टॅपेट

इथून पाने हातात घ्यायचे. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच, नसेल तर हे काम करू नका. अंदाजाने लावलेला टॅपेट न लावलेल्यापेक्षा वाईट.

इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभं. मॅन्युअलमधला टॅपेटच्या फटीचा आकडा आधी शोधा. अनेक लहान सिंगल सिलिंडर इंजिनांत तो ०.०५ ते ०.१० मिमीच्या दरम्यान असतो आणि इनटेक व एक्झॉस्टचा वेगळा असू शकतो, पण दुसऱ्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावायचा नाही. प्लग काढा, म्हणजे क्रँक हाताने सहज फिरतो. टॅपेटची झाकणं आणि मॅग्नेट कव्हरवरची खिडकी उघडा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या दिशेनेच क्रँक फिरवा. इनटेकचा रॉकर (व्हॉल्व्हला दाबणारी तरफ) खाली जाऊन परत वर आला की हळूहळू पुढे नेत फ्लायव्हीलवरची टी खूण, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असल्याची खूण, खिडकीतल्या रेघेला जुळवा. शेजारीच एफ खूण असते. ती इग्निशनची, तिच्यावर थांबू नका.

आता दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले पाहिजेत. एक जरी घट्ट असेल तर बहुधा तुम्ही चुकीच्या स्ट्रोकवर आहात. क्रँक एक पूर्ण फेरी आणखी फिरवून पुन्हा टी जुळवा. तरीही घट्टच असेल तर तिथे फट उरलेलीच नाही.

गेजची पट्टी आत सरकवताना हलका अडसर जाणवला पाहिजे. त्याहून एक माप मोठी पट्टी जाता कामा नये. फट बदलायची असेल तर लॉकनट ढिला करून स्क्रू फिरवा, मग स्क्रू धरून ठेवून नट आवळा. नट आवळताना फट हमखास थोडी बदलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. क्रँक दोन पूर्ण फेऱ्या फिरवून परत एकदा मोजा.

आवाज पूर्ण घालवायच्या नादात फट मापापेक्षा कमी करू नका. जुन्या इंजिनात हलकी टिकटिक असणं चांगलं. व्हॉल्व्ह बंद असताना सीटला टेकून आपली उष्णता हेडला देतो. फटच नसेल तर तो नीट टेकत नाही आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. मला टिकटिकणाऱ्या टॅपेटपेक्षा हळूहळू गप्प होत गेलेल्या टॅपेटची जास्त धास्ती वाटते. गरम इंजिन किकला दाद देत नसेल आणि आयडलिंग टिकत नसेल तर हीच शंका आधी घ्या.

फट बरोबर लावूनही टिकटिक राहिली तर रॉकरच्या टोकाला खड्डा पडलेला असू शकतो. सपाट पट्टी खड्ड्यावरून आडवी जाते, त्यामुळे मोजलेली फट बरोबर दिसते आणि खरी फट जास्त असते. कॅमही झिजलेला असू शकतो. ते हेड उतरवायचं काम आहे. ज्या इंजिनांत स्क्रूऐवजी शिमच्या चकत्या असतात, तिथे फट मोजण्यापर्यंतच घरी थांबा.

८. टायमिंग चेन

जुन्या काही गाड्यांत टेन्शनर हाताने लावायचा असतो. लॉक ढिला केला की स्प्रिंग पट्टीला ढकलते आणि पुन्हा लॉक आवळायचा. हे मॅन्युअल समोर ठेवून घरी होतं. आपोआप चालणारा टेन्शनर मात्र सहज काढून सहज लावायची वस्तू नाही. तो काढलेला असताना क्रँक फिरला तर चेन दात सोडू शकते. बसवण्याआधी त्याची दांडी पूर्ण मागे घेतली नाही तर चेन जास्त ताणली जाते. याची खात्री नसेल तर हात लावू नका.

टेन्शनरची हद्द संपली असेल, म्हणजे चेन ताणून लांब झाली असेल, तर ती बदलण्याला पर्याय नाही. ही खळखळ पुढे ढकलू नये. चेन दात सोडून सरकली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात.

९. ऑइल काढून बघणं

शेवटची घरगुती तपासणी. गरम ऑइल स्वच्छ पांढऱ्या भांड्यात काढा आणि उन्हात हलवून बघा. तळाशी चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारी मऊ, करडी पेस्ट सामान्य झीज आहे. चकत्या, सुयांसारखे तुकडे, बोटाला टोचणारे कण सामान्य नाहीत. चुंबकाला न चिकटणारे चंदेरी कण अॅल्युमिनियमचे, म्हणजे पिस्टन किंवा केसिंगचे. सोनेरी चमक बुशची. काळे प्लास्टिकचे तुकडे दिसले तर टायमिंग चेनची गाइड झिजून तुटते आहे. जाळी आणि फिल्टरही उघडून बघा, मोठे तुकडे तिथे अडकतात.

इथे थांबा

खालून जड ठोका येतो आणि ओझ्याखाली वाढतो. ऑइलमध्ये धातूचे तुकडे आहेत. ऑइल पुरेसं असून दिवा जात नाही. आवाजाबरोबर ताकद कमी झाली किंवा निळा धूर यायला लागला. टायमिंग चेन मध्येच उडी मारल्यासारखी आपटते. यातलं एकही असेल तर घरचं काम संपलं. मेकॅनिककडे गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत घालून न्या. रॉडचं बेअरिंग गेलेलं इंजिन थोडं जास्त चालवलं तर रॉड तुटून क्रँककेस फोडतो. मग जे काम क्रँक आणि बेअरिंगवर भागलं असतं, ते पूर्ण इंजिनावर जातं.

थंड इंजिनातली पिस्टनची टकटक याला अपवाद. ती लवकर जात असेल, धूर नसेल आणि ऑइल कमी होत नसेल, तर थंड इंजिनाला रेस न देता गाडी वापरत राहा. बोअर करायची, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून घासून मोठा करायची वेळ आली की धूर आणि ऑइलची पातळी सांगतात.

मेकॅनिकला "आवाज येतोय" एवढंच सांगू नका. सुरुवातीला लिहिलेल्या चार ओळी आणि काय काय तपासून झालं ते सांगा. फोनवरच्या रेकॉर्डिंगवर त्याला विसंबू देऊ नका. फोन खालचे जड आवाज नीट पकडत नाही आणि टिकटिक अवाजवी मोठी करतो. थंड इंजिनात येणारा आवाज असेल तर गाडी आदल्या रात्रीच त्याच्याकडे ठेवा. आणि हेड-ब्लॉक उतरवल्यावर, क्रँक बदलायचा असं त्याने म्हटलं तर, कनेक्टिंग रॉड तुमच्यासमोर हलवून दाखवायला सांगा. रॉडच्या खालच्या टोकाला आडवी थोडी हालचाल असतेच. सरळ वर-खाली ओढल्यावर टक असं जाणवलं तर तो खरं सांगतोय.